वहीतले बारा बुडबुडे

अभिमन चिंधा पाटील स्वतः प्रात्यक्षिक परीक्षेला कधी बसला नव्हता. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं गाव. तिथे दहावी झाली आणि एकोणिसाव्या वर्षी तो जळगावच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला. काम काय, तर बाटल्या धुणं, बेडूक आणणं, सूक्ष्मदर्शकं पुसणं. सोळा वर्षं त्याने तेच केलं. पण या सोळा वर्षांत बारावीचा एकही प्रयोग त्याच्या हाताशिवाय उभा राहिला नाही. सर फळ्याशी आणि अभिमन टेबलाशी. सर काही चुकीचं सांगू लागले की मागून 'च्यक्' असा आवाज यायचा. तो जिभेचा आवाज ऐकू आला की विभागप्रमुख नेहेते सर थांबायचे, डस्टर शोधायचे आणि तेवढ्यात मनातल्या मनात वाक्य सुधारून घ्यायचे.

त्याची फजिती झाली ती १९९१च्या फेब्रुवारीत.

हायड्रिलाचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. पाण्यातली ती वनस्पती बीकरमध्ये नरसाळ्याखाली ठेवायची, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी बसवायची आणि उन्हात न्यायची. देठातून बुडबुडे निघतात. एका मिनिटात किती निघाले ते मोजून वहीत लिहायचं. या कॉलेजात उत्तर होतं बारा. ते कुणी पहिल्यांदा लिहिलं कुणास ठाऊक. प्रत्येक तुकडी आधीच्या तुकडीची वही आणायची आणि उतरवून घ्यायची. बुडबुडे निघोत न निघोत, बारा. परीक्षक यायचे, चहा घ्यायचे, बारावर बरोबरची खूण करायचे.

त्या वर्षी धुळ्याहून बाविस्कर मॅडम आल्या. नवीन होत्या. चहा नको म्हणाल्या. आणि टेबलाशी वाकून त्यांनी खरोखर नळीत पाहिलं.

नळीत काहीच नव्हतं. मेहरूण तलावातून आणलेली हायड्रिला चिखलाने माखलेली, अर्धी सडलेली होती. एकसुद्धा बुडबुडा नव्हता. आणि अकरा मुलांच्या वहीत बारा.

मॅडमनी अकरा जणांचे गुण कापले. अहवालात लिहिलं, 'प्रयोगाचे साहित्य निकृष्ट.' साहित्य म्हणजे अभिमन. प्राचार्यांनी त्याला बोलावलं.

"पाटील, पुढच्या वर्षी याच बाई येणार आहेत. पुन्हा असं झालं तर तुम्ही सायकल स्टँडवर. पावत्या फाडायला. तिथे काही सडत नाही."

अभिमन मान खाली घालून बाहेर आला. घरी बायकोला, वच्छलाबाईंना, त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्टँडवर निदान बेडूक तरी नाही. हाताचा वास तर जाईल."

तो जेवला नाही. त्याला प्रयोगशाळा हवी होती. दुसरं काही हवंसं त्याला आजवर वाटलं नव्हतं, आणि हे एकच हवं आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने अडगळीतून चार फुटांची काचेची टाकी काढली. कधीकाळी कासवं ठेवायला घेतलेली. सांधे भरले, तळाला धुतलेली वाळू घातली, तलावातली चांगली हायड्रिला निवडून लावली. डास होऊ नयेत म्हणून हिवताप विभागाच्या हौदातले गप्पी मासे सोडले. टाकी ठेवली प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात. तलावाच्या भरवशावर राहायचंच नाही. वर्षभर घरची हायड्रिला वाढवायची.

महिन्याभरात हायड्रिला वाळूवर आडवी झाली.

मग सुरू झाली ती झटापट. उजेड कमी पडतो म्हणून त्याने वर दोन ट्यूबलाइट टांगल्या. हायड्रिलाच्या आधी शेवाळ वाढलं. काच हिरवी, वाळू हिरवी, माशांच्या पाठीसुद्धा हिरव्या वाटायला लागल्या. नुसता उजेड देऊन भागत नाही, पानांना खायला कार्बन डायऑक्साइड लागतो, हे त्याला माहीत होतं. सोळा वर्षं तो फळ्यावरचं ते समीकरण पुसत आला होता. गॅस आणायचा कुठून, तेही त्याच्याच कपाटात होतं. आंबवण्याचा प्रयोग. सलाइनची काचेची बाटली घेतली, तीत गुळाचं पाणी आणि बेकरीतलं चिमूटभर यीस्ट घातलं. बुचातून नळी काढून टाकीत सोडली आणि तिच्या तोंडावर काचेची बशी पालथी घातली. गॅस बशीखाली साठायचा आणि हळूहळू पाण्यात विरायचा.

एका शनिवारी त्याला वाटलं, रविवारी कॉलेज बंद, गॅस वाया कशाला घालवायचा? त्याने नळीला चिमटा लावला. सोमवारी दार उघडलं तर बूच पंख्यात अडकलेलं आणि गूळ छताला. तो डाग अजून आहे. नेहेते सर म्हणाले, "अभिमन, तू प्रयोगशाळेत आहेस की गुऱ्हाळात?"

गॅस बंद करता येत नाही, कमीजास्त करायचा तो गूळ मोजूनच, हे त्याला असं कळलं.

मग पाणी. साचलेल्या पाण्यात गॅस एका कोपऱ्यात राहायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यातली पानं उपाशी. थंडीत प्राचार्यांचा कूलर बंद असतो. त्याची मोटर अभिमनने काढून आणली. पाण्याला असा धबधबा लागला की मासे काचेला चिकटले. शिवाय वरचं पाणी खळखळलं की गॅस उडून जातो. सोड्याची बाटली हलवल्यावर जातो तसा. शेवटी त्याने ठिबकच्या नळीचा तुकडा आणला. जळगावात तो कुठेही मिळतो. एक टोक मोटरला, दुसरं बंद आणि मध्ये बारीक भोकं. नळी पाण्याखाली वाळूजवळ ठेवली. तेव्हा कुठे जमलं. पानाचं टोक हलावं, पण वरचं पाणी हलू नये. एवढी एक गोष्ट साधायला त्याला सात महिने लागले.

"एका चुलीवर तीन जावा आहेत," तो वच्छलाबाईंना म्हणाला. "उजेडाला जास्त दिलं की शेवाळ रुसतं... नाही, शेवाळ माजतं. गॅसला जास्त दिलं की मासे वर येऊन तोंड उघडतात. पाणी जास्त फिरवलं की गॅस घर सोडून जातो."

"आणि सासू कोण?"

"मी."

"मग बरोबर," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हणूनच कुणी नांदत नाही."

पण जानेवारी लागेपर्यंत तिघी नांदू लागल्या. ट्यूब आठ तास, गूळ दर आठवड्याला नवा, मोटर मंद. हायड्रिला गर्द हिरवी झाली. दुपारी पानांच्या कडेला मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटायचे आणि एकेक सुटून वर जायचे. अभिमन स्टूल टाकून समोर बसायचा. मधल्या सुट्टीत मुलीही थांबायच्या. त्याने पाटी लावली, 'हात लावू नये.'

पाटी सगळ्यांनी वाचली. हात सगळ्यांनी लावला.

आधी नेहेते सर. त्यांनी स्वतःच्या खर्चाने हवा सोडणारा पंप आणला, आणि त्याच्यासोबत प्लास्टिकचा एक पाणबुड्या. पंप चालू केला की पाणबुड्याच्या डोक्यातून भसाभसा बुडबुडे निघायचे.

"बघ, किती जिवंत वाटतं!"

"सर, हे हवेचे बुडबुडे आहेत. याने वरचं पाणी खळखळतं. माझा गॅस जातो."

"अरे, माशांना हवा नको का? प्राचार्यांनाही आवडलं आहे."

च्यक्. सर गेले की अभिमन पंप काढायचा. सर आले की लावायचे. पंधरा दिवस हे चाललं. 

मग आबा आले.

चिंधा आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख पुढची होती, म्हणून ते मुलाकडे राहिले. घरी करमेना. डबा घेऊन कॉलेजात यायचे आणि व्हरांड्यातल्या बाकावर टाकीसमोर बसायचे. परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी अभिमन आला तर पाच गप्पी पोट वर करून तरंगत होते. पाण्याला लघवीसारखा उग्र वास. इथे कोण आलं होतं, असं त्याने घरच्या अहिराणीत विचारलं.

"आबा, आठे कोन उनतं?"

"कोनी नही," आबा म्हणाले. मग समाधानाने म्हणाले, "पानं पिवया पडी गयथात ना भो. भुक्या शेतस त्या. काल जराखा युरिया टाकी दिधा मी."

बागेचा माळी भटू याच्या पोत्यातला युरिया. कपाशीला देतात तो.

अभिमनने विचारलं, "कितला?"

"चिमूटभर. कपाशीले दिधा का चार दिनमा कशी कायी-हिरवी पडस!"

"आबा, तुमनी चिमूट म्हंजे दुसरानी मूठ शे! आनि पिवयं कोठे दिखनं तुमले? हिरवंगार व्हतं ते!"

"मले पिवयं दिखनं," आबा म्हणाले. त्यांना सगळंच पिवळं दिसत होतं. भिंत, आभाळ, सुनेचं लुगडं. मोतीबिंदूतून तसंच दिसतं. पण हे अभिमनच्या डोक्यात आलं नाही. आबांच्या तर नाहीच नाही.

नळाला पाणी एक दिवसाआड. क्लोरीन उडून जावं म्हणून ते पिंपात रात्रभर ठेवावं लागतं. भटूने चूक भरून काढायला चार पिंपं आणून दिली. अभिमनने तीस-बत्तीस बादल्या उपसल्या आणि तेवढ्याच ओतल्या. उरलेले मासे वाचले. पण खत ते खत. चौथ्या दिवशी पाणी मुगाच्या कढणासारखं झालं. हात घातला तर बोटं दिसेनात. शेवाळाचे सूक्ष्म कण सगळ्या पाण्यात भरले होते. परीक्षेला अकरा दिवस.

त्याने डोकं लावलं. शेवाळाला उजेड लागतो. तो चार दिवस पूर्ण तोडायचा. हायड्रिला जाड आहे, तग धरेल. हे कण मरतील. अंधारात पानं गॅस खात नाहीत, म्हणून गुळाची बाटली काढली. अंधारात पानंही प्राणवायू सोडत नाहीत, उलट ओढतात, म्हणून माशांसाठी हवा हवी. त्याने दात-ओठ खात सरांचा पाणबुड्या पुन्हा आत सोडला. मग छत्रीचं काळं कापड आणून टाकी चारी बाजूंनी गुंडाळली.

नेहेते सरांनी पाणबुड्याची गुरगुर ऐकली. "शेवटी माझाच पंप लागला ना?"

"लागला सर."

"मी म्हणत होतो."

काळं कापड हे फार वाईट. उघडी टाकी तीनच जण पाहायचे, झाकलेली सगळं कॉलेज पाहू लागलं. झाडूवाल्या झुंबरबाईंनी विचारलं, "काय भाऊ, कोनी वारलं का?" क्लार्कने कोपरा उचलून पाहिलं. मुलींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी खुद्द प्राचार्यांनी पडदा वर केला, टाकीत तोंड घातलं आणि विचारलं, "अंधार का केलाय?"

"उजेड जाऊ नये म्हणून, साहेब."

"कुठे जाऊ नये?"

"आत."

"मग मी पाहू कसं?"

साहेब गेल्यावर अभिमनने कापडाच्या चारी कडा सुई-दोऱ्याने शिवून टाकल्या आणि बाक ओढून टाकीला पाठ टेकून बसला. चार दिवस तो तिथेच जेवला. आबा शेजारी बसायचे. त्यांच्या हाताला आता काही काम नव्हतं, म्हणून त्यांना मुलाने एकच सांगितलं होतं. कुणी आलं तर खाकरायचं. आबा दिवसभर खाकरत होते.

पाचव्या दिवशी टाके उसवले. पाणी काचेसारखं. हायड्रिला फिकट, पण उभी. अभिमनने पाणी पुन्हा बदललं, पाणबुड्या काढून खिशात घातला, गूळ लावला, ट्यूब पहिल्या दिवशी चार तास, मग पाच, मग सहा. मोटर मंद. परीक्षेच्या आदल्या दुपारी पानांच्या कडेला मोती चिकटले. आले एकदाचे, अशा आनंदात तो आबांना म्हणाला, "उनात."

"काय उनात?"

"बुडबुडा."

"मले काय दिखस त्या?" आबा म्हणाले.

परीक्षेच्या सकाळी बाविस्कर मॅडम धुळ्याहून पहिल्या एसटीने आल्या. चहा नको म्हणाल्या. आणि दहा वाजता वीज गेली.

नेहेते सरांचा चेहरा उतरला. प्रयोगशाळेत अंधार, ट्यूब बंद, मोटर बंद. "अभिमन, झालं! आता सायकल स्टँड."

अभिमनने टाकीकडे पाहिलं. मोटर थांबली होती, म्हणजे पाणी स्थिर होतं. रात्रभराचा गॅस पाण्यात मुरलेला होता. तो कुठेच गेला नव्हता. त्याने टाकीच्याच पाण्याने बारा बीकर भरले, हायड्रिलाचे शेंडे तोडून नरसाळ्यांखाली घातले आणि एकेक बीकर व्हरांड्याच्या कठड्यावर, फेब्रुवारीच्या उन्हात नेऊन ठेवला.

दोन मिनिटं काही झालं नाही. मग एका देठातून बुडबुडा सुटला. मग दुसऱ्यातून. मग मण्यांची माळ तुटावी तशी बाराही नळ्यांत धार लागली. मुलं 'अय्यो' म्हणाली. अभिमन कठड्याला धरून उभा राहिला. वर्षभरात त्याने एवढे बुडबुडे पाहिले नव्हते.

मॅडम रांगेने पाहत गेल्या. मग वह्या घेतल्या. पहिली वही, बारा. दुसरी, बारा. तिसरी, बारा.

"हे काय?" त्यांनी एका मुलीला विचारलं. "नळीत बघ. हे बारा आहेत?"

"नाही मॅडम."

"मग बारा का लिहिलंस?"

"उत्तर बाराच आहे मॅडम."

मॅडम नेहेते सरांकडे वळल्या. आवाज थंड होता. "सर, मागच्या वर्षी एकही नव्हता. या वर्षी मोजता येत नाहीत. प्रश्नात साधं पाणी लिहिलंय. पाण्यात सोडा घातलाय का?"

खाण्याचा सोडा चिमूटभर घातला की हायड्रिला जोरात बुडबुडे सोडते. ती युक्ती सगळ्या कॉलेजांना ठाऊक आहे. नेहेते सर अभिमनकडे पाहू लागले. वर्षभर त्यांनी टाकी पाहिली होती. बादल्या पाहिल्या होत्या. शिवलेलं कापड पाहिलं होतं.

"अभिमन," ते हळू म्हणाले, "घातलास?"

च्यक्. या वेळी आवाज इतका मोठा निघाला की मुलांनी वळून पाहिलं.

अभिमन आत गेला. लिटमस कागदाची डबी आणि सोड्याची बाटली घेऊन आला. एका रिकाम्या बीकरमध्ये नळाचं पाणी घेतलं, मॅडमसमोर त्यात चिमूटभर सोडा टाकला आणि लाल कागद बुडवला. कागद निळा झाला.

"हा सोडा," तो म्हणाला.

मग लाल कागद त्याने पहिल्या मुलीच्या बीकरमध्ये बुडवला. लालच राहिला. दुसऱ्या, तिसऱ्या, बाराव्या. बारा लाल कागद त्याने कठड्यावर ओळीने मांडले. शेवटी एक निळा कागद बुडवून धरून ठेवला. तो सावकाश जांभळट, मग लालसर झाला.

"आणि हा गॅस. गुळाचा आहे मॅडम. टाकीत बघा. सोड्यावर एवढं करायचं असतं तर मी वर्षभर आठ तास झोपलो असतो."

व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी आलं असावं, कारण आबा खाकरले.

मॅडमनी पर्समधून पेन्सिल काढली. कागद घेतला. एका नळीसमोर बसल्या आणि घड्याळ हातात धरून प्रत्येक बुडबुड्याला एक टिंब देत गेल्या. मिनिट झालं. टिंबं मोजली.

"त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. मग मुलांना म्हणाल्या, "बारा खोडा सगळ्यांनी. टिंबं द्या. जे येईल ते लिहा." आणि अभिमनला म्हणाल्या, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"सोळा वर्षं फळा पुसतो मॅडम. सतरावं लागलं."

त्या वर्षी कुणाचे गुण गेले नाहीत. अहवालात 'साहित्य उत्कृष्ट' असं आलं. सायकल स्टँडचं नाव पुन्हा निघालं नाही. प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी टाकी स्वतःच्या केबिनमध्ये हलवायचा हुकूम काढला. खिडकीशी, भर उन्हात. नेहेते सरांनी पाणबुड्या परत मागून घेतला आणि टाकीत सोडला. मार्चमध्ये कूलरची मोटर कूलरमध्ये गेली. एप्रिलमध्ये टाकीतली हायड्रिला वाळूवर आडवी झाली आणि पाणबुड्या एकटाच भसाभसा बुडबुडे सोडत राहिला. येणारे पाहुणे म्हणायचे, काय जिवंत वाटतं.

टाकी हलवण्याच्या आधीच अभिमनने मूठभर हायड्रिला एका बरणीत काढून प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत ठेवली होती. तेवढ्यावरून त्याने पुन्हा तीन बरण्या केल्या. गूळ, नळी, पालथी बशी. सगळं पहिल्यापासून.

आबांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते कॉलेजात आले आणि खिडकीतल्या बरणीशी किती तरी वेळ वाकून राहिले.

"आते त बठ्ठं हिरवंगार दिखस! काय टाकं रे हाईमा?"

"काहीच नही, आबा."

"मना युरिया लागू पडना म्हन ना."

अभिमनने हात जोडले.

पुढच्या फेब्रुवारीत परीक्षा आली. बीकर कठड्यावर मांडले. त्या दिवशी आभाळ आलं होतं, ऊन क्षीण होतं. हायड्रिला बेताने बुडबुडे सोडत होती. अभिमनने एका नळीसमोर उभं राहून मनातल्या मनात मोजले. एकवीस भरले. चांगले होते. मग शेजारच्या मुलीच्या वहीत त्याची नजर गेली.

त्रेचाळीस.

त्याने पुढच्याची वही पाहिली. त्रेचाळीस. ओळीने बारा जणांच्या वह्यांत त्रेचाळीस.

"अगं ताई," तो त्या मुलीला म्हणाला, "नळीकडे बघ ना जरा. मोज की."

मुलीने मान वर केली. तिला त्याची दया आल्यासारखं दिसलं.

"अभिमनभाऊ, मोजायचं कशाला? मागच्या वर्षी बाविस्कर मॅडमनी मोजलेत ना."